नव्वदावा दिवस

प्रिय मतदारहो,
हे पत्र एका पानाचं असावं, असं कार्यालय सांगतं.
सुरुवात यशानं करावी. फोटो उजव्या कोपऱ्यात.
फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे; त्यातली बाई
माझ्यापेक्षा पुष्कळ झोपलेली दिसते.

आज दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी
हेलेनात सभागृह बेमुदत तहकूब झालं.
हातोडा पडला, कुणीतरी कागद हवेत उधळले,
आणि मग वाकून वाकून ते गोळा करत राहिला
सतरा वर्षांचा एक पोरगा,
ज्याला आम्ही अख्खं अधिवेशन कॉफीसाठी पिटाळलं
आणि ज्याचं नाव मी आज विचारलं.
ऑर्विल. आजोबांचं आहे, म्हणाला.

तर, यश.
ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांना पेट्रोलचे पैसे मिळतील.
कुरणातल्या तणासाठी निधी आला, मागितला त्याच्या तिसरा हिस्सा.
धान्याच्या काट्यांची तपासणी वर्षातून दोनदा.
तीन ओळी झाल्या. पान अजून मोकळंच आहे.

आता पूल.

लेम मेअर ओढ्यावरचा पूल तुम्हाला मी काय सांगावा.
अकरा टनांवर मनाई, अशी पाटी,
बंदुकीच्या छऱ्यांनी चाळण झालेली.
सकाळी सात दहाला आयला स्कूलबस अलीकडेच थांबवते,
दार उघडते, एकोणीस पोरं उतरतात,
टोप्या कानांवर ओढून एकामागे एक पूल ओलांडतात.
मग आयला एकटी, रिकामी बस घेऊन
श्वास रोखून त्यांच्यामागे.
पलीकडे पोरं पुन्हा चढतात.
जानेवारीत, उणे तीसलाही, हेच.

हे मी सभागृहात सांगितलं. दोन मिनिटं मिळाली होती.
त्यातल्या दुसऱ्या मिनिटाला एक सभासद
(नाव लिहीत नाही, त्यांची आई आपल्याच भागातली)
सँडविचचा कागद सोडत होते,
आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश.

विधेयकात मूळ वाक्य होतं:
‘खात्याने हा पूल नव्याने बांधावा.’
समितीतून परत आलं ते:
‘खात्याला हा पूल नव्याने बांधता येईल.’
एवढंच. एक क्रियापद वाकवलं.
येईल की. मलाही उद्यापासून पियानो वाजवता येईल.
ओढ्यालाही, मनात आणलं तर,
डोंगराकडे वाहता येईल.

मी हिरवं बटण दाबलं.
हे तुम्हाला पेपरात वाचण्याआधी माझ्याकडून कळावं.
लाल दाबलं असतं तर तेवढं वाक्यही उरलं नसतं,
आणि पुन्हा दोन वर्षं थांबा, पुन्हा पहिल्या पानापासून.
बटणावर बोट होतं तेव्हा मला हे पटलं होतं.
आता रात्री अकराला, मोटेलच्या खोलीत,
हीटर खडखडत असताना, तितकंसं पटत नाही.

कार्यालय म्हणतं, लिहा: पुलाचा मार्ग मोकळा.
लिहिलं.
मग खोडलं.
खोडलेलं दिसतंय तुम्हाला. राहू दे.

गुरुवारी घरी पोचते. रस्त्यात बर्फ नसेल तर.
शुक्रवारी नऊपासून धान्यगोदामापाशी बसेन;
ज्यांना ओरडायचंय त्यांनी जरूर यावं, कॉफी माझी.
त्याआधी, सात दहाला, मी ओढ्यावर असेन.
भाषण नाही, फोटो नाही.
पोरं उतरतील तेव्हा मी उतरणार नाही.
आयलाच्या मागच्या बाकावर बसून राहीन,
आणि बघेन,
त्या ‘येईल’वर माझं वजन टाकता येतं का.

तुमची,
अर्डिस क्वाले

ता.क. गस, कुंपणाबद्दलचं तुझं पत्र मिळालं.
तिन्ही पत्रं मिळाली.
ते काम राज्याचं नाही, तुझ्या मेव्हण्याचं आहे.
तरी बोलते त्याच्याशी.